दुःखापासूनचे नेमके अंतर

इ.स.पू. ४९४ मध्ये इराणी सैन्याने आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचे मिलेटस हे ग्रीक शहर घेतले. बहुतेक पुरुष मारले गेले, बायकामुले गुलाम झाली. मिलेटसचे लोक आयोनियन, म्हणजे अथेन्सकरांच्या दृष्टीने रक्ताचे नातलग. पुढे फ्रिनिकस या कवीने ‘मिलेटसचा पाडाव’ हे नाटक रंगमंचावर आणले तेव्हा काय झाले ते हिरोडोटसने नोंदवून ठेवले आहे: सगळे प्रेक्षागृह रडले, आणि अथेन्सने घरच्या संकटाची आठवण करून दिल्याबद्दल कवीला हजार द्राख्मांचा दंड केला. हे नाटक पुन्हा कोणी करू नये, असाही हुकूम निघाला. त्यानंतर इ.स.पू. ४७२ मध्ये ईस्किलसने ‘पर्शियन’ हे नाटक केले. विषय पुन्हा ताजाच होता. सॅलमिसची आरमारी लढाई होऊन आठच वर्षे झाली होती आणि प्रेक्षकांतले कितीतरी जण त्या लढाईत स्वतः वल्ही मारून आले होते. पण ईस्किलसने नाटक नेऊन ठेवले सूसा या इराणी राजधानीत. तिथे शत्रूची राजमाता मुलाची वाट पाहते, मेलेला दारियस थडग्यातून वर येतो आणि हरलेला झर्क्सीस फाटक्या वस्त्रांनी परततो. या नाटकाला पहिले पारितोषिक मिळाले. एका कवीने प्रेक्षकांना त्यांचेच दुःख दाखवले आणि दंड भरला. दुसऱ्याने शत्रूचे दुःख दाखवले आणि तो जिंकला. ग्रीक शोकांतिका करुणा आणि भय कसे जागवते, या प्रश्नाचे उत्तर शोधायला याहून चांगली सुरुवात सापडणार नाही. शोकांतिकेची ताकद ती किती भयंकर घटना दाखवते यावर ठरत नाही. ती प्रेक्षकाला त्या घटनेपासून किती अंतरावर बसवते यावर ठरते, असे या लेखाचे म्हणणे आहे.

हे अंतर आजच्या टीकाकारांनी प्राचीन नाटकांवर लादलेले नाही. या दोन भावनांवर सर्वांत बारकाईने लिहिणाऱ्या ॲरिस्टॉटलच्या विवेचनातच ते आहे. मात्र त्यासाठी त्याचे ‘काव्यशास्त्र’ बाजूला ठेवून आधी त्याचे वक्तृत्वावरचे पुस्तक उघडावे लागते. तिथे दुसऱ्या भागात तो सांगतो की ज्याच्या वाट्याला पात्रता नसताना अनर्थ आला त्याची करुणा येते, पण असा अनर्थ आपल्यावर किंवा आपल्या माणसांवरही येऊ शकतो असे वाटले तरच. भय हे आपल्यावर येऊ घातलेल्या संकटाचे असते. म्हणजे दोन्हींचे मूळ एकच. संकट आपल्याकडे वळले की भय, दुसऱ्याकडे वळले की करुणा. आणि मग तो एक फार महत्त्वाची मर्यादा घालतो. संकट अगदी जवळ आले की करुणा उरत नाही. दाखला इजिप्तच्या राजाचा आहे. हिरोडोटस त्याला साम्मेनिटस म्हणतो, ॲरिस्टॉटल अमासिस म्हणतो, गोष्ट एकच. इराणी विजयानंतर आपल्या मुलाला मारायला नेताना पाहून तो राजा रडला नाही, पण पूर्वीचा एक स्नेही भीक मागताना दिसला तेव्हा त्याला रडू फुटले. मुलाचे मरण त्याच्यासाठी नुसते भयंकर होते, आणि भयंकराने करुणेला हाकलून दिले. उलट टोकही ॲरिस्टॉटल सोडत नाही. दहा हजार वर्षांमागे घडलेल्या किंवा तितक्याच दूरच्या काळात घडणाऱ्या दुःखाने कोणी हलत नाही. म्हणून हावभाव, आवाज, वेश आणि अभिनय यांनी ते डोळ्यांसमोर आणावे लागते. फार जवळ आले तर करुणा गोठते, फार दूर गेले तर ती जन्मालाच येत नाही. फ्रिनिकस पहिल्या बाजूला कलंडला होता.

ॲरिस्टॉटलवर झालेली बहुतेक चर्चा मात्र दुसऱ्याच गोष्टीभोवती फिरत राहिली. ‘काव्यशास्त्रा’च्या सहाव्या प्रकरणात शोकांतिकेची व्याख्या करताना तो कथार्सिस हा शब्द एकदा वापरतो आणि तिथे त्याचा उलगडा करत नाही. त्या शब्दावर शतकानुशतके वाद चालू आहे. लेसिंगने १७६७ ते १७६९ या काळातल्या हाम्बुर्गच्या नाट्यलेखांत त्याचा नैतिक अर्थ लावला: भावनांचे सद्गुणी सवयींत रूपांतर. याकोब बेर्नायसने १८५७ मध्ये तो वैद्यकीय ठरवला: साचलेल्या भावनांचा निचरा. लिऑन गोल्डनने १९६२ मध्ये तो बौद्धिक मानला: समजेला आलेली स्पष्टता. मराठी वाचकाला हा वाद निदान १९५७ पासून, विंदा करंदीकरांच्या भाषांतरामुळे, घरबसल्या समजून घेता येतो. पण मला वाटते या वादाने लक्ष चुकीच्या जागी खिळवून ठेवले. भावना जागल्यावर त्यांचे पुढे काय होते याबद्दल ॲरिस्टॉटल जवळजवळ गप्प आहे. त्या जागतात कशा याबद्दल मात्र तो प्रकरणामागून प्रकरण बोलतो. त्याने जे भरभरून सांगितले ते आधी नीट वाचले पाहिजे.

अंतर राखण्याची पहिली रीत जागेची. अथेन्समध्ये अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, डायोनायससच्या वसंतोत्सवात, उघड्या आकाशाखाली आणि दिवसाउजेडी ही नाटके होत. शेजारी बसलेल्याचा चेहरा प्रत्येकाला दिसत असे. पण रंगमंचावर अथेन्स क्वचितच असे. वंश बुडतात ते थीब्जमध्ये, नवरे मारले जातात ते आर्गोसमध्ये, पोरकी बायकामुले दिसतात ती ट्रॉयच्या राखेत. फ्रोमा झाइटलिन या अभ्यासक विदुषीने थीब्जला अथेन्सच्या रंगभूमीचे ‘दुसरे गाव’ मानले आणि स्वतःविषयीचे जे प्रश्न अथेन्सला घरी विचारता येत नव्हते ते तिथे विचारले गेले असे दाखवून दिले. उलट अथेन्स रंगमंचावर येते तेव्हा ते बहुधा आश्रयदाते असते: ‘युमेनिडीस’मध्ये न्यायालय उभारणारे, ‘कोलोनसचा इडिपस’मध्ये आंधळ्या निर्वासिताला जागा देणारे. मिलेटसच्या नाटकाचा धडा कवींनी किती पक्का गिरवला होता, ते यावरून कळते.

दुसरी रीत ज्ञानाची आहे आणि ती अधिक खोल जाते. सोफोक्लीसच्या ‘राजा इडिपस’मध्ये कॉरिंथहून आलेला दूत राजाला दिलासा द्यायला येतो: ज्याला तू बाप मानतोस तो पोलिबस वारला, आणि त्याची राणी मेरोपी तुझी खरी आई नाहीच, तेव्हा भिऊ नकोस. ज्या वाक्याने भीती जायची त्याच वाक्याने सत्याचे दार उघडते. ॲरिस्टॉटलने घटनांचा पालट आणि ओळख यांचा नमुना म्हणून हाच प्रसंग निवडला, आणि त्याची निवड अचूक आहे. पण इथे प्रेक्षकाच्या मनात काय चालले असते? त्याला शेवट ठाऊक आहे. आधीचा राजा लायस याचा खून करणाऱ्याला इडिपस शाप देतो तेव्हा तो शाप कोणावर पडणार हे सगळ्या प्रेक्षागृहाला कळते, फक्त शापणाऱ्याला कळत नाही. राणी योकास्टाला त्याच्या आधी कळते. ती त्याला थांबवू पाहते आणि मग आत निघून जाते. प्रत्येक पात्र सत्यापासून वेगवेगळ्या अंतरावर उभे आहे, आणि ते सगळे एकाच ठिकाणी येऊन मिळण्याची वाट पाहणे हीच इथली भीती. माणूस जे टाळण्यासाठी पळाला त्याच्याच दिशेने धावत होता, हे त्याच्याआधी आपल्याला दिसणे हीच इथली करुणा.

यावर एक जुना आक्षेप आहे आणि तो हलका नाही. कथा आधीच ठाऊक असेल तर भीती कसली? चौथ्या शतकातला विनोदी नाटककार अँटिफेनीस एका पात्राच्या तोंडून अशीच तक्रार करतो की शोकांतिकावाल्यांचे काम सोपे, इडिपसचे नाव घेतले की बाकी सारे प्रेक्षकांना माहीत. ॲरिस्टॉटल नेमके उलट सांगतो: माहीत असलेल्या कथासुद्धा थोड्यांनाच माहीत असतात, तरी त्या सर्वांना आनंद देतात, अगाथॉनने तर ‘अँथियस’ हे नाटक संपूर्ण कल्पनेतून रचले होते. दोघांपैकी कोण खरा हे ठरवायची गरज नाही, कारण नाटककार एकाही पर्यायावर विसंबलेले नाहीत. ज्याला कथा ठाऊक नाही त्याला ते नाटकातच आधी सांगून टाकतात. ईस्किलसच्या ‘अगामेम्नॉन’मध्ये भविष्य जाणणारी बंदिनी कसांड्रा राजवाड्याच्या दारात उभी राहून आत काय होणार ते सांगते, वृद्धांच्या वृंदाला ते उमगत नाही, आणि मग ती स्वतःच्या पायांनी आत जाते. युरिपिडीसच्या ‘हिपोलिटस’मध्ये आफ्रोडाइटी पहिल्याच भाषणात सगळा शेवट सांगून जाते. पुढे काय होईल या कुतूहलाने निर्माण होणारी भीती एकदाच उपयोगी पडते. हे होणारच आहे आणि समोरच्याला ते दिसत नाही, या जाणिवेची भीती त्याच नाटकाला पुन्हा गेल्यावरही तशीच उभी राहते.

याचा सर्वांत भक्कम पुरावा सोफोक्लीसच्या ‘इलेक्ट्रा’त आहे. ओरेस्टीस जिवंत आहे, हे प्रेक्षकांना पहिल्या प्रवेशापासून माहीत आहे. रथशर्यतीत तो मेला ही बातमी खोटी आहे. बहिणीच्या हातात दिलेल्या कलशात त्याची रक्षा नाही. तरी इलेक्ट्रा तो रिकामा कलश छातीशी धरून विलाप करते, आणि तो विलाप संपूर्ण ग्रीक नाट्यवाङ्मयातल्या सर्वांत हृदयद्रावक जागांपैकी एक आहे. घटनेच्या भयंकरपणाने करुणा येते हे म्हणणे इथे टिकत नाही, कारण मुळात काही घडलेलेच नाही. आपण रडतो ते ओरेस्टीससाठी नाही, इलेक्ट्रासाठी. तिचे दुःख खरे आहे, त्याचे कारण खोटे आहे, आणि ही फट आपल्याला दिसते, तिला दिसत नाही. खुद्द ओरेस्टीस तिथेच उभा राहून हे पाहतो आहे. त्याला फार वेळ नुसता प्रेक्षक राहता येत नाही; कट उघडा पडण्याचा धोका पत्करूनही तो आपली ओळख देतो.

तिसरी रीत नजरेची. खून, आत्महत्या, डोळे फोडणे हे बहुतेक सारे दाराआड घडते आणि कोणीतरी बाहेर येऊन सांगते. हे केवळ संकेत किंवा रंगमंचाची अडचण म्हणून सोडून देणे चूक आहे. ॲरिस्टॉटल चौदाव्या प्रकरणात म्हणतो की कथानक असे रचावे की न पाहता नुसते ऐकणाऱ्याच्याही अंगावर काटा यावा. देखाव्याने भय उत्पन्न करणे हे कमी प्रतीचे काम. ‘राजा इडिपस’मधला दूत योकास्टाचे गळफास घेतलेले शरीर, तिच्या वस्त्रातल्या सोन्याच्या पिना आणि त्यांनी इडिपसने स्वतःवर केलेले वार क्रमाने सांगतो, आणि आंधळा राजा दारात येतो तो त्यानंतर. आधी ऐकणे, मग पाहणे. ‘अगामेम्नॉन’मध्ये आतून राजाची किंकाळी येते आणि वृंदातले म्हातारे एकेकटे बोलू लागतात: आत धावावे का, थांबावे का, खात्री करावी का. तोवर वेळ निघून जाते. कृती करायला फार दूर आणि ऐकू यायला पुरेसे जवळ, अशा जागी हा वृंद अडकला आहे, आणि बाकांवर बसलेल्यांचीही जागा तीच. मला तर ग्रीक रंगभूमीवरचे हे सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतात.

‘बाकाय’ हे नाटक इथे अडथळा म्हणून पुढे केले जाते. युरिपिडीसच्या मृत्यूनंतर रंगमंचावर आलेल्या या नाटकात अगावी आपल्याच मुलाचे, पेन्थियसचे, तोडलेले शिर हातात घेऊन येते. ते सिंहाचे आहे असे तिला वाटते. मग आडोसा कुठे राहिला? पण युरिपिडीस काय करतो ते पाहावे. पेन्थियसला फाडून टाकण्याचा प्रसंग त्याने दूताकडेच सोपवला आहे. शिर समोर आल्यावर तिचा बाप काडमस तिला घाई करत नाही. तो तिला आधी आकाशाकडे बघायला सांगतो, ते अधिक उजळ दिसते का विचारतो, मग तिचा नवरा कोण, मुलगा कोण, आणि शेवटी हातात काय आहे. वेडातून शुद्धीकडे जाणारी ही वाट पायरीपायरीने चालते. शिर प्रेक्षकांना पहिल्यापासून दिसते आहे. भीती आहे ती तिला ते दिसण्याची.

आता माणूस कोणता निवडायचा हा प्रश्न. तेराव्या प्रकरणातले उत्तर प्रसिद्ध आहे: अगदी सज्जनाचा नाश किळस आणतो, दुष्टाचा नाश समाधान देतो, म्हणून या दोहोंमधला, दुर्गुणाने नव्हे तर चुकीने कोसळणारा हवा. ‘चूक’ म्हणजे स्वभावदोष असे शाळाकॉलेजांतून फार काळ शिकवले गेले, आणि इडिपसच्या रागीटपणात त्याच्या शिक्षेचे कारण शोधले गेले. ई. आर. डॉड्सने १९६६ च्या आपल्या निबंधात हे वाचन खोडून काढले: इडिपसचे कृत्य अज्ञानातून घडले, आणि त्याचे दोष मोजत बसणे म्हणजे नाटकाचा गाभाच गमावणे. हे मान्य करायलाच हवे, कारण दुःख कमावलेले ठरले की करुणेचे कारण संपते. तरी ॲरिस्टॉटलच्या चौकटीत न बसणारी मिडिया उरतेच. इ.स.पू. ४३१ मध्ये आलेल्या या नाटकात ती पूर्ण जाणिवेने मुलांना मारते. अज्ञान नाही, चूक नाही. युरिपिडीसने इथे अंतर नाटकभर हलते ठेवले आहे. सुरुवातीला परक्या मुलखात टाकलेली बाई म्हणून ती आपल्याला जवळ ओढते; मुलांचे कोवळे हात धरून ती स्वतःशी भांडते तेव्हा तर तिच्यात आणि आपल्यात काहीच उरत नाही. शेवटी ती सूर्याच्या रथात, देवांच्या उंचीवर, आपल्या आवाक्याबाहेर जाते, आणि खाली प्रेतांना शिवायलाही न मिळणारा तिचा नवरा जेसन उरतो. ज्या माणसाबद्दल मनात कणव नव्हती त्याच्यावरच ती येऊन पडते. ॲरिस्टॉटलचा नियम इथे अपुरा पडतो, पण अंतराचे तत्त्व अधिकच स्पष्ट होते.

एका बाबतीत ॲरिस्टॉटलशी थेट भांडले पाहिजे. त्याने संगीताला आणि दृश्याला कमी लेखले. औलोस या पत्तीच्या जोडवाद्याच्या साथीने गाणारा पंधरा जणांचा वृंद, न हलणारे मुखवटे, पात्राने आणि वृंदाने आळीपाळीने गायलेले विलाप हे वजा केले तर नुसते कथानक उरते, शोकांतिका उरत नाही. पण हेही अंतर मोडत नाही, घडवते. मुखवट्यामुळे दुःख एका नटाच्या चेहऱ्यापुरते राहत नाही, आणि वृत्तात बांधलेला आक्रोश ऐकणाऱ्याला सहन होतो.

सर्वांत मोठे आक्षेप नैतिक आहेत. प्लेटो ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात म्हणतो की स्वतःच्या दुःखात आवरून धरलेला मनाचा रडका भाग नाटकात परक्याच्या दुःखावर पोसला जातो आणि मग घरीही आवरत नाही. विसाव्या शतकात ब्रेख्टने वेगळ्या बाजूने हेच म्हटले: पात्राशी एकरूप झालेला प्रेक्षक जगाला अटळ मानून घरी जातो. प्लुटार्कने फेराईचा जुलमी राजा अलेक्झांडर याची हकिकत दिली आहे. युरिपिडीसचे ‘ट्रोजन स्त्रिया’ पाहताना तो उठून गेला, कारण ज्याने आपण मारलेल्या कोणाचीच कीव केली नाही तो हेक्युबा आणि अँड्रोमॅकीसाठी रडतो आहे, हे लोकांना दिसण्याची त्याला लाज वाटली. खुद्द अथेन्सचेही तेच. मेलोस बेटावरचे पुरुष मारून बायकामुले विकल्यानंतर काही महिन्यांतच, इ.स.पू. ४१५ च्या वसंतात, हे नाटक तिथे झाले, आणि त्याच उन्हाळ्यात अथेन्सचे आरमार सिसिली जिंकायला निघाले. युरिपिडीसने नाटक मेलोसच्या आधी लिहायला घेतले असेल, तरी पाहणाऱ्यांना मेलोस आठवला नसेल असे मानता येत नाही. त्यांनी त्याला दुसरे पारितोषिक दिले आणि जहाजे सोडली.

म्हणून करुणा माणसाला सुधारते असा दावा मी करणार नाही. पुरावा त्याच्या विरुद्ध आहे. पण करुणा म्हणजे निष्क्रिय शरणागती, हे म्हणणेही या नाटकांशी जुळत नाही. सोफोक्लीसच्या ‘एजॅक्स’मध्ये अथीना ओडिसियसला त्याच्या शत्रूचे वेड दाखवते, हसायला बोलावते. ओडिसियस हसत नाही. शत्रू असूनही त्याला एजॅक्सची कीव येते, कारण त्याच्या दैवात त्याला स्वतःचेही दैव दिसते. भय आणि करुणा एकाच मुळाची असल्याचे ॲरिस्टॉटलने पुढे जे सांगितले ते इथे रंगमंचावर घडते, आणि तिथेच थांबत नाही: नाटकाच्या शेवटी हाच ओडिसियस अगामेम्नॉनसमोर उभा राहून एजॅक्सला मूठमाती मिळवून देतो. इ.स.पू. ४०९ च्या ‘फिलोक्टिटीस’मध्ये निओप्टोलेमस जखमी माणसाचे धनुष्य फसवून घेतो, त्याच्या वेदनेचा झटका जवळून पाहतो, आणि आज्ञा मोडून ते परत करतो. या दोघांनाही कवीने आधी प्रेक्षक बनवले आहे. फेराईचा राजा ज्या ठिकाणाहून उठून गेला त्या ठिकाणी ते थांबतात.

शेवटचा पेच ॲरिस्टॉटलचा स्वतःचाच आहे. तेराव्या प्रकरणात तो सुखाकडून दुःखाकडे जाणारे कथानक श्रेष्ठ ठरवतो, आणि चौदाव्यात मात्र ज्यात नातलगाचा वध होता होता ओळख पटून टळतो त्या प्रसंगाला सर्वांत वरची जागा देतो. ‘टॉरिसमधली इफिजेनिया’ हे त्याचे उदाहरण: बहीण आपल्याच भावाला बळी द्यायला निघाली आहे आणि तो कोण हे तिला ठाऊक नाही. ही विसंगती मिटवण्यासाठी विद्वानांनी पुष्कळ खटपट केली आहे. घटनेच्या परिणामावर नजर ठेवली तर ती मिटत नाही. इडिपस उद्ध्वस्त होतो, इफिजेनिया भावासह घरी निघते. प्रेक्षक कुठे बसला आहे ते पाहिले तर मात्र दोन्ही नाटकांत तो एकाच जागी आहे. हा भाऊ आहे हे त्याला माहीत आहे, इफिजेनियाला नाही, आणि ती एका पत्रातला मजकूर मोठ्याने सांगू लागेपर्यंत प्रत्येक वाक्य सुरीच्या दिशेने चालले आहे. अनर्थ घडो वा टळो, तोवर भीती आणि करुणा दोन्ही पुरी भरून आलेली असतात.